परतीचा प्रश्न

व्हिसाची मुलाखत उद्यावर आली होती. विम्याच्या ऑफिसात वीस वर्षं लोकांची खोटी कारणं ऐकत आलेली आई इस्त्रीच्या टेबलामागे साहेब होऊन बसली होती. समोर खुर्चीत लेक, मांडीवर फाइल.

"शिक्षण झाल्यावर परत येणार?"

"हो. माझी आई इथे एकटी असते."

"पुन्हा सांग."

कॉलेज, विषय, फी, सगळ्या उत्तरांना आई मान डोलवायची आणि इथे येऊन अडून बसायची. सातव्यांदा "पुन्हा" ऐकल्यावर लेकीचं डोकं फिरलं. तिने फाइल टेबलावर आपटली.

"चुकतंय काय ते तरी सांग. तोंडपाठ आहे मला उत्तर."

"तेच चुकतंय. तोंडपाठ आहे."

"मग खरं ऐक. नाही येणार मी परत. झालं समाधान?"

आईने चष्मा काढला. "मला महिन्यापूर्वीच कळलंय ते."

"कोणी सांगितलं?"

"तूच. बोलायला लागल्यापासून घरातून निघताना 'आई, येते गं' म्हणायचीस. गेला महिनाभर नुसतं 'जाते' म्हणतेस."

आईने उद्याचा शर्ट टेबलावर ओढून घेतला आणि कॉलरवर इस्त्री अशी दाबली की टेबल करकरलं.

"घाबरू नकोस, मिळेल तुला व्हिसा. त्या साहेबाला कुठे आपली भाषा येते."