सकाळी फिरणारं चक्र

पडद्यावरचं चक्र आजही गरगरत होतं. पासवर्ड टाकून सगळे हातावर हात ठेवून बसले होते.

"वायरदादा, एवढ्या वेळात लग्न लावून आलो असतो मी!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

वायरदादाला हसू आलं नाही. ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळायला तो कंत्राटावर होता आणि साहेबांनी आज शेवटची मुदत दिली होती. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. हे काम गेलं तर त्यांचं औषध कुठून आणायचं?

बिघाड सापडला, असं त्याला एकदा वाटलं होतं. स्टोअररूममधला जुना सर्व्हर अजून नेटवर्कला जोडलेला होता. सगळी मशीन पासवर्ड तपासून घ्यायला आधी त्याच्याकडेच जायची आणि ते म्हातारं उत्तर द्यायला युगं लावायचं. वायरदादाने त्याची वायर उपटली. दुसऱ्या सकाळी सगळं लोण्यासारखं चाललं. तिसऱ्या सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दुपारी जाऊन पाहिलं, तर वायर सुटलेलीच होती.

मग त्याने केबल बदलल्या, सेटिंग्ज धुंडाळल्या. दुपारी कुठलंही मशीन झटक्यात उघडायचं. सकाळीच त्यांना काय अवदसा आठवायची, देव जाणे.

हेडक्लार्क बाई तेवढ्या मायेच्या. सगळ्यांच्या आधी येऊन ऑफिस उघडायच्या, त्याच्यासाठी चहा झाकून ठेवायच्या. जुन्या सर्व्हरची वायर उपटल्याचं त्याने त्यांनाच तेवढं सांगितलं होतं. "जिवाला लावून घेऊ नकोस रे," म्हणायच्या. "होईल सगळं नीट."

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. "साधी मशीन वेळेवर उघडत नाहीत. उद्यापासून दुसरा माणूस येईल."

वायरदादा बाहेर आला. वडिलांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

तो पिशवी भरत होता, तेवढ्यात बाई धावत आल्या. "काढलं तुला? अरे, पण का?"

"बिघाड सापडला नाही म्हणून."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"साहेब फोनवर म्हणत होते, मशीन सुरळीत झाली की ह्याला काढून टाकू. मी ऐकलं रे ते," त्या कशाबशा म्हणाल्या. "म्हणून तर रोज सकाळी स्टोअररूममधली ती वायर मीच जोडत होते, दुपारच्या आत काढून ठेवत होते."