वजनकाट्यावरची खोली

खोटं बोलत असेन तर माझी कवळी घशात अडको. शब्द न् शब्द खरा आहे.

सुताराने जुना कॅम्पर आणला, म्हणजे छोट्या ट्रकच्या पाठीवर बसवायची झोपायची खोली. बायकोने जन्मात समुद्र पाहिला नव्हता, तिला न्यायचं होतं. चार पायांवरची ती खोली त्याने वजनकाट्यावर चढवली. आठशे साठ किलो! ट्रकला झेपणार जेमतेम सातशे.

त्याने कुजलेल्या फळ्या उपटल्या, लोखंडी ओटा काढला. काटा आठशे साठवरच.

"काटा बिघडलाय, नाहीतर तुमचे डोळे," बायको म्हणाली.

सुतार स्वतः आत चढला, तर काट्याने त्याचे सत्तर किलो इमानाने वाढवून दाखवले.

मग पलंग, कपाटं, दारसुद्धा गेलं. उरला नुसता सांगाडा. तरी आठशे साठ.

सुताराने हातातली पक्कड हळूच खाली ठेवली. बायको मात्र आत डोकावली आणि रुसलेल्या लेकीला समजवावं तसं म्हणाली, "अगं, तुलाही नेऊ की समुद्रावर. जरा हलकी हो ना, बाई."

काटा सरसर उतरला. सातशे, तीनशे, शून्य. आणि भर दुपारी त्या चारही पायांखालून पलीकडचं ऊन वीतभर दिसायला लागलं.

आता कवळीची शपथ घेतलीय म्हणून सांगते, 'वीतभर' हे मी पदरचं घातलं.

बोटभरच उठली होती.