झिलमिलीआड

आरोलकर सरांनी झिलमिलीची दांडी अलगद ओढली. खिडकीच्या फळ्या बोटभर उघडल्या आणि समोरचं अंगण दिसलं. वृंदाच्या इंग्रजीच्या शिकवणीला आज मुलं थेट पायरीपर्यंत बसली होती. गेल्या वर्षी यातली निम्मी सरांच्या ओसरीवर येत. आता तिथे सुपाऱ्या वाळत होत्या.

त्याच ओसरीवर शिकलेली पोरगी आज बाई झाली होती. सरांच्या पोटात दुखत होतं. तिचं कुठे चुकतंय का, म्हणून ते रोज इथे कान लावून उभे राहत.

“असल्या आडव्या फळ्यांच्या खिडकीला इंग्रजीत जॅलुझी म्हणतात,” वृंदा सांगत होती. “शब्द मूळ फ्रेंच. अर्थ मत्सर. आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरच्यांना तो दिसत नाही, म्हणून खिडकीला हे नाव पडलं.”

हा शब्द सरांनीच तिला शिकवला होता, याच खिडकीपाशी.

मान न वळवता वृंदाने विचारलं, “बरोबर सांगितलं ना, सर?”

उत्तर दिलं, तर रोजचं चोरून ऐकणं उघडं पडणार. गप्प राहिलं, तर मुलांपुढे ती खोटी पडणार. क्षणभर सरांना तेच बरं वाटलं.

“बरोबर,” अखेर फळ्यांमागून आवाज आला. “पण जरा मोठ्याने शिकवत जा. मागच्यांना ऐकू येत नाही.”