शेवटची ओळ

ग्रंथपालांनी चिठ्ठ्यांची पेटी टेबलावर उपडी केली. सिनेमा नुकताच संपला होता, खिडक्यांचे काळे पडदे बाजूला सारले होते, आणि वाचनालयाच्या सभागृहातली वीस-बावीस म्हातारी मंडळी दुपारच्या उजेडात डोळे चोळत बसली होती. नियम एकच. सिनेमाबद्दलचं मत चिठ्ठीवर लिहायचं, खाली नाव घालायचं नाही. तरी कुणी काय लिहिलंय हे सगळ्यांना बरोबर कळायचं, कारण निम्मी मंडळी एकाच पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त झालेली.

सिनेमा जुना, ऑफिसातल्या प्रेमाचा. साहेबाचं मन सेक्रेटरीवर बसतं, पण तोंडाने बोलवत नाही. मग तो प्रेमपत्राचा मजकूर तिलाच सांगतो, आणि ती बिचारी दुसऱ्या कुणासाठी समजून तो टाइप करते. अडीच तास हाच घोळ.

"गाण्याची चार कडवी झाली तरी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचली नाही," ग्रंथपालांनी पहिली चिठ्ठी वाचली. "दुरुस्तीला कुणाला बोलावलं की नाही?"

सगळे कार्यालयाच्या जुन्या लिफ्टमनकडे वळले. तो साळसूदपणे छताकडे पाहत होता.

दुसरी चिठ्ठी. "नायिका गोड आहे, पण तिच्या मशीनमध्ये कागदच नाही. मी नीट पाहिलं. आणि त्या साहेबाला तोंड कशासाठी दिलंय? ज्याला बोलायचंय त्याने उभं राहून बोलावं."

ही टायपिस्टबाईंची, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सभागृह खदखदून हसलं. दुसऱ्या रांगेतले हेडक्लार्क तेवढे हसले नाहीत. त्यांची चिठ्ठी पेटीत पडून चुकली होती.

त्यांना बाईंना एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती आजच. रविवारी बाई भाचीकडे जाणार होत्या, दुसऱ्या गावी, कायमच्या. जाऊ नका, माझ्या घरी या, उरलेले दिवस दोघं मिळून काढू, एवढंच विचारायचं. सकाळपासून त्यांनी तीनदा तोंड उघडलं होतं. एकदा हवेबद्दल बोलले, एकदा बाईंच्या नव्या चपलांबद्दल, तिसऱ्यांदा नुसतेच खोकले. शेवटी मताच्या चिठ्ठीवरच सगळं लिहून काढलं. ती बाईंच्या हातात द्यायची असं पक्कं ठरवलं होतं, पण ऐन वेळी पेटी समोर आली आणि चिठ्ठी तिच्यात गेली.

ग्रंथपालांनी नेमकी तीच उचलली. चष्मा वर केला, खाली केला, चिठ्ठी उलटी धरून पाहिली.

"कुणाच्या हृदयाच्या ठोक्यांचा कागद दवाखान्यातून चुकून इकडे आलाय का?"

"बाईंना द्या!" मागून दोन-तीन आवाज एकदम आले. "ते अक्षर लावणारं दुसरं माणूस अजून जन्माला यायचंय."

खरंच होतं ते. बावीस वर्षं हेडक्लार्कांचा प्रत्येक मसुदा बाईंनीच टाइप केला होता. त्या रजेवर गेल्या की अख्ख्या कार्यालयाची पत्रं तुंबायची. बाई पुढे आल्या, चष्मा लावला आणि जुन्या सवयीने घडाघडा वाचू लागल्या.

"सिनेमा बरा आहे. साहेबाला सगळे हसले, मला हसू आलं नाही. रोज चार हात अंतरावर बसणाऱ्या माणसाशी बोलणं फार अवघड असतं. मी बावीस वर्षं मनात एकच मसुदा केला आणि रोज संध्याकाळी खोडला." बाईंचा वेग कमी झाला. "कितीतरी पत्रांत मुद्दाम चुका काढून ती परत टायपाला पाठवली. पत्र परत आलं की बाईही टेबलाशी परत येत."

लिफ्टमनने शिट्टी वाजवली.

"तरीच!" बाई म्हणाल्या. "तरीच साध्या स्मरणपत्राला सात-सात मसुदे लागायचे!"

"वाचा, पुढे वाचा!"

बाईंनी खाली पाहिलं. उरलेली ओळ ओठांतल्या ओठांत वाचली. त्यांनी पुन्हा पाहिलं. कान लाल झाले.

"शेवटची ओळ लागत नाही," त्या म्हणाल्या.

ग्रंथपालांनी त्यांच्या खांद्यावरून डोकावलं. शेवटची ओळ टपोऱ्या, गोल, स्वच्छ अक्षरात होती. पहिलीतल्या मुलानेही वाचली असती. "अहो बाई, हीच तर एक मला वाचता..."

बाईंनी चिठ्ठी पटकन छातीशी धरली. "लागत नाही म्हटलं ना! ज्यांनी लिहिलीय, त्यांनी उभं राहून वाचून दाखवावी."

सगळं सभागृह लिफ्टमनसारखं छताकडे पाहू लागलं. दुसऱ्या रांगेतली एक खुर्ची करकरली. हेडक्लार्क उठले. पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले. मग खोकले. "आज हवा..."

"हवेचं सकाळीच सांगून झालंय."

बाई ग्रंथपालांच्या खुर्चीत बसल्या. टेबलावरचं पेन उचललं, चिठ्ठी उलटी करून कोरी बाजू वर घेतली, आणि तातडीचं पत्र उतरवून घ्यायला बसत तशा मान खाली घालून पेन कागदाला टेकवलं. हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"सांगा साहेब," त्या म्हणाल्या. "सावकाश सांगा. हा मसुदा परत पाठवायचा नाहीये."