निळी चादर

“हस,” तो म्हणाला आणि टेबलाखाली तिची करंगळी मागे वाकवली.

ती हसली. मोबाइलच्या पडद्यावर तीन चौकोन उघडले आणि तिन्हींतून एकच कल्ला झाला. “बारके! अगं, मेलीस की जिवंत आहेस?”

मेली नव्हती, इतकंच. घर बदलायच्या नावाखाली नवऱ्याने तिला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आणून टाकलं होतं. मैत्रिणींना त्यानेच कळवलं होतं: नव्या घरी नेट नाही, आलं की बोलेल. नेट यायला काही अडचण नव्हती. त्याला आणायचंच नव्हतं. फोन त्याच्या खिशात, दाराला बाहेरून कुलूप. भिंतींच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिचं डोकं आपटून झालं होतं. मग मैत्रिणींतल्या थोरलीचा निरोप आला: बारकीचा चेहरा दिसला नाही तर आम्ही पोलिसांत जातो. नेट लगेच आलं.

“आज गोड बोलायचं,” त्याने सकाळीच बजावलं होतं. “त्यांचं समाधान झालं की ही वायर उपटून टाकतो. मग कोण विचारतंय तुला?” कपाळावरची जखम झाकायला केसांची बटही त्यानेच पुढे ओढून बसवली होती. एरवी बायकोच्या केसांना त्याचा हात लागे तो फक्त धरून फरफटत न्यायला.

म्हणजे जे काय सांगायचं ते आत्ताच, आणि त्याच्या देखत.

“घर कसंय गं?” टिकटिकने विचारलं. तोंडाला विश्रांती नाही म्हणून ती टिकटिक.

“छान आहे. मोठं आहे.” करंगळी अजून त्याच्या मुठीत होती. “फक्त एक निळी चादर हवी होती. मिळाली तर आणा गं.”

लग्नाआधी ती या तिघींबरोबर एकाच दवाखान्यात परिचारिका होती. तिथे चादरी पांढऱ्या, ऑपरेशनच्या हिरव्या. निळी चादर तिथे कधी नव्हतीच. एखादा नातेवाईक अंगावर धावून आला की ओरडायचं नाही, पळायचं नाही. शांतपणे दुसरीला म्हणायचं, “निळी चादर आण गं.” की रखवालदार हजर.

“निळी?” ढब्बू खिदळली. “अगं, पिवळी घे. निळीवर डाग दिसतात.”

“डाग पिवळीवर दिसतात!” टिकटिक कडाडली, आणि दोघी डागांवरून हमरीतुमरीवर आल्या. थोरली मात्र “माझं नेट जातंय गं,” एवढंच म्हणाली आणि तिचा चौकोन काळा झाला.

विसरल्या. सगळ्या विसरल्या.

“भावजी लपलेत वाटतं?” ढब्बू ओरडली. “भावजी, घर दाखवा की!”

भावजी म्हटल्यावर तो पाघळला. करंगळी सोडून त्याने फोन उचलला आणि घरभर मिरवायला लागला. खोल्या झाल्या, गच्ची झाली. “ती समोरची टाकी कसली हो?” टिकटिक म्हणाली. “काय लिहिलंय तिच्यावर? आम्हाला मेलं काही दिसत नाही.” त्याने टाकीवरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली. “आणि मजला कितवा?” “सगळ्यात वरचा. त्याखाली आपण राहतच नाही,” तो म्हणाला. मग फरशी कुठली, नळाला पाणी जोरात येतं का, तोटी पितळेची की साधी. नुसत्या तोटीवर टिकटिकने अर्धा तास असं काही गुऱ्हाळ लावलं की ऐकणाऱ्याचे कान किटावेत. बारकीला त्या दोघींचा मनापासून तिटकारा आला. यांच्यासाठी तिने किती रात्रपाळ्या अंगावर घेतल्या होत्या, आणि यांना तोटीचं पडलं होतं.

शेवटी तोच कंटाळला. फोन बंद करून त्याने भिंतीतली वायर हिसडून काढली आणि सावकाश मुठीला गुंडाळली.

“चादर पाहिजे? घरात चादरी नाहीत? चारचौघींत भीक मागतेस?”

पहिला फटका कानावर बसला. दुसरा तोंडावर. ओठ फाटला, दात हलला. ती टेबलाखाली शिरायला लागली तसं त्याने पायाला धरून ओढलं आणि बुटाची टाच तिच्या हातावर ठेवून सगळा भार दिला. करंगळी काडकन मोडली. त्याने वायर तिच्या गळ्याभोवती टाकली.

बेल वाजली.

“कोण आहे?”

“नेटवाला. तुमची लाइन बंद दिसतेय, साहेब.”

तो शिवी हासडून उठला. नेटवाल्याला हाकलायला दार जेमतेम फटीएवढं उघडलं, आणि ते पलीकडून धाडकन आत आलं. दोन पोलीस. एकाने त्याचा हात पिरगाळून त्याचं थोबाड भिंतीवर दाबलं. नाकातून रक्त आलं, नव्या रंगावर ओघळलं. इतका मार देणारा माणूस, पण स्वतःला लागल्यावर लहान पोरासारखा केकाटला.

मागून थोरली आली. सगळे जिने चढून धापा टाकत. हातातल्या फोनमधून टिकटिकचा आवाज येत होता, “टाकीसमोरच, सगळ्यात वर! पोचलात का?” थोरली खाली बसली, बारकीच्या गळ्यातली वायर तिने काढून फेकली आणि मोडलेलं बोट हलक्या हाताने तळव्यावर घेतलं.

“तुझं नेट गेलं ना गं,” बारकी फाटक्या ओठांनी म्हणाली. “मला वाटलं, तू विसरलीस.”

“नेट कुठलं जातंय, बारके? मी पायात चपला घालत होते.”