हौदातले फोटो

मनकर्णाबाईंचा हौदात पडलेला फोन भूपेंद्रने सिंधीपुऱ्यातल्या आपल्या दुकानात दोन दिवस वाळवला. आज तो चालू झाला.

"मावशी, पाण्यात बटन दबलं वाटतं. फोटो निघालाय."

पाण्यातून वर घेतलेल्या त्या फोटोत मनकर्णाबाई हौदावर वाकल्या होत्या. मागून दोन हात त्यांच्या पाठीकडे आले होते.

"तेव्हा घरात कोण होतं?"

"कोणीच नाही रे."

पुढच्या फोटोत तेच पाणी होतं, तेच हात होते. वाकली होती मात्र त्यांची मुलगी अमृता. तारीख आजची होती, वेळ अकरा वीसची.

दुकानातल्या घड्याळात अकरा अठरा झाले होते. मनकर्णाबाईंनी भूपेंद्रच्या मोबाइलवरून घरी असलेल्या अमृताच्या मोबाइलवर फोन लावला.

"अमृता, हौदापासून लांब हो!"

"थांब ना आई, आत काहीतरी चमकतंय."