चंद्रोदयाचा फोन

"गुन्हा शाबीत झाला, ताई. आता जास्तीत जास्त शिक्षा मागू ना?" कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलांनी विचारलं. टेम्पो चालवताना फोनवर बोलणाऱ्या एका पोराने माझी लेक चारुता चिरडली होती.

मी उत्तर देणार, तेवढ्यात त्याची आई समोर येऊन उभी राहिली.

"फोन मीच केला होता, बाई. संकष्टी होती, आमच्याकडे आभाळ भरलेलं. तिकडे चंद्र दिसतोय का रे, एवढंच विचारलं. त्यानं वर बघितलं."

त्या रात्री मीही नैवेद्याचं ताट वाढून चंद्राचीच वाट बघत होते. तो उपास अजून सुटलेला नाही.

"काय सांगू आत?" वकील म्हणाले.

"जास्तीत जास्तच."

म्हातारीने हात जोडले. "बरोबर आहे, बाई. तुमच्या जागी मीही हेच मागितलं असतं."